पिशवीसकट

मानेच्या मागे, पाठीवर, गालावर किंवा कानाच्या मागे बोटाला एक गोल दाणा लागतो आणि त्या दिवसापासून हात पुन्हा पुन्हा तिकडेच जातो. दुखत नाही, खाजत नाही, फक्त असतो. काही महिन्यांत त्याचा वाटाणा होतो, कधी दोन-चार वर्षांत सुपारी होते. घरातलं कुणीतरी हात लावून बघतं आणि सांगून टाकतं, "चरबीची गाठ आहे, काही होत नाही त्याने." यातलं "काही होत नाही" बहुतेक वेळा खरं असतं. "चरबीची" हे मात्र बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि पुढच्या कितीतरी चुका या एका शब्दातून सुरू होतात.

चरबीची गाठ म्हणजे लायपोमा. ती मऊ असते, कातडीच्या खाली खोल असते आणि बोटाखालून निसटते. तिच्यावरची कातडी चिमटीत मोकळी उचलता येते. आपण ज्या दाण्याबद्दल बोलतोय तो कातडीलाच चिकटलेला असतो. कातडी ताणून नीट पाहिलं तर बऱ्याचदा मधोमध एक बारीक काळा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे केसाच्या नळीचं बुजलेलं तोंड. तो दिसला की निदान जवळजवळ झालंच म्हणायचं. याला एपिडर्मॉइड सिस्ट म्हणतात. जुन्या लोकांचा शब्द आवाळू, आणि डॉक्टरांच्या तोंडी अजून बसलेलं नाव सेबेशियस सिस्ट. हे नावही दिशाभूल करणारंच आहे, कारण तेलग्रंथींचा या गाठीशी काही संबंध नसतो.

मग आत असतं काय? आत असते कातडीच. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी सतत खालून वर सरकत असतात. वर येता येता त्या मरतात, चपट्या होतात आणि झडून जातात. अंघोळीत, कपड्यांवर, अंथरुणात त्या रोज गळतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण केसाच्या नळीचं तोंड बुजलं, किंवा एखाद्या जखमेत वरच्या थराचा कण आत ढकलला गेला, की त्या पेशी आतल्या आत एक बंद पिशवी तयार करतात. काम तेच, दिशा उलटी. झडलेल्या पेशींना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून त्या पिशवीतच साचत राहतात. तो पांढरट-पिवळट, ओलसर, थरांथरांचा लगदा म्हणजे केराटिन. नख आणि केस ज्या प्रथिनाचे, तेच हे प्रथिन. बंद जागेत कुजल्यामुळे त्याला तो उग्र, आंबूस वास येतो. लोक त्याला चरबी म्हणतात, पू म्हणतात. तो दोन्ही नव्हे.

हे एकदा लक्षात आलं की गाठ पिळण्यात अर्थ का नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. साठलेला माल हा आजार नाही, माल तयार करणारी पिशवी हा आजार आहे. ठिपक्यातून पिळून माल बाहेर काढला तर पिशवी रिकामी होते आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भरायला लागते. हा झाला त्यातल्या त्यात बरा परिणाम. वाईट परिणाम असा, की दाबाने पिशवी बाहेर फुटायच्या ऐवजी आत फुटते. केराटिन आसपासच्या मांसात सांडतं. शरीराच्या दृष्टीने ते परकं असतं. पायात मोडलेल्या काट्याभोवती शरीर जे करतं तेच ते इथे करतं: सूज, लाली, गरमपणा, ठणका. रात्री शांत असलेली गाठ सकाळी दुप्पट झालेली असते आणि पाठ टेकवत नाही. सगळे म्हणतात इन्फेक्शन झालं, आणि अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो. पुष्कळदा त्यात जंतूंचा काही वाटाच नसतो. सांडलेल्या केराटिनवर शरीर चिडलेलं असतं, एवढंच. म्हणून औषध घेऊनही गाठ आपल्या गतीनेच बसते.

सुजलेल्या गाठीचं खरं नुकसान नंतर कळतं. शांत गाठीची पिशवी आसपासच्या मांसापासून सुटी असते, सोलून काढता येते. एकदा फुटून सुजलेली पिशवी ठिकठिकाणी फाटलेली असते आणि तिचे तुकडे वणाच्या कडक मांसात रुतून बसलेले असतात. अशा वेळी ऑपरेशन म्हणजे अंधारात चाचपडणं. चिरा मोठा घ्यावा लागतो, रक्त जास्त जातं, आणि कितीही काळजी घेतली तरी एखादा तुकडा राहून जातो. भूलसुद्धा सुजलेल्या जागी नीट लागत नाही, कारण तिथलं मांस आम्लधर्मी झालेलं असतं आणि त्यात भुलीचं औषध नसांपर्यंत कमी पोचतं. म्हणून मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा निर्णय ऑपरेशन कसं करायचं हा वाटत नाही, कधी करायचं हा वाटतो. गाठ लहान आहे, शांत आहे, कधी सुजलेली नाही, ही वेळ सर्वांत चांगली. आणि नेमकं त्याच वेळी आपण म्हणतो, दुखत तर नाही, राहू दे.

गाठ सुजलीच असेल तर थांबावं. फक्त सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञ त्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं थोडंसं इंजेक्शन देतात आणि ठणका उतरतो. आत खरोखर पू झाला असेल, बोटाखाली पाणी भरल्यासारखं हलत असेल, तर छोटा चिरा देऊन पू काढतात. त्याने त्या दिवशी सुटका होते, पण ते गाठीचं ऑपरेशन नव्हे. पिशवी आतच असते. सगळं निवल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, ती काढायची.

प्रत्येक गाठ काढलीच पाहिजे असं मुळीच नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात आणि जन्मभर तशाच राहिल्या तरी बिघडत नाही. वाढतेय, वारंवार सुजतेय, कॉलर किंवा पट्टा घासतोय, चेहऱ्यावर आहे आणि मनाला लागतेय, ही सगळी काढण्याची रास्त कारणं. मनाला लागणं हे कारण हलकं आहे असं मी मानत नाही. मात्र काही गाठी लगेच दाखवल्या पाहिजेत: भराभर वाढणारी, दगडासारखी टणक, खालच्या भागाला घट्ट रुतलेली किंवा वरून चिघळणारी. लहान मुलाच्या नाकाच्या मधल्या रेषेवर, दोन भुवयांच्या मध्ये किंवा डोक्याच्या मधोमध गाठ असेल तर आधी स्कॅन हवाच. ती जन्मजात डर्मॉइड सिस्ट असू शकते आणि तिची वाट थेट कवटीच्या आत गेलेली असू शकते. लहान वयातच अंगभर अशा गाठी येत असतील आणि जबड्याच्या हाडावरही उंचवटे असतील, तर गार्डनर सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारासाठी मोठ्या आतड्याची तपासणी करावी लागते. त्यात आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर मांसाचे कोंब, होतात आणि खरा धोका त्यांचा असतो.

डोक्यावरच्या गाठींचं घराणंच वेगळं. त्या केसाच्या मुळाच्या बाहेरच्या आवरणातून येतात. त्यांना पिलर सिस्ट म्हणतात. घरात आईला किंवा वडिलांना असतील तर मुलांनाही होण्याची शक्यता बरीच असते. त्यांची भिंत जाड आणि गुळगुळीत असते, त्यामुळे त्या काढायला सोप्या जातात, गोटीसारख्या टुणकन बाहेर येतात. एपिडर्मॉइडची भिंत मात्र कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ असते. पुढचं सगळं ऑपरेशन या पापुद्र्याभोवती फिरतं.

आधी सांगायच्या गोष्टी थोड्या, पण विसरू नयेत अशा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगाव्यात, मात्र स्वतःहून बंद करू नयेत. एवढ्याशा ऑपरेशनसाठी त्या बहुतेक वेळा चालूच ठेवतात. पेसमेकर असेल तर सांगावं, कारण रक्त थांबवायला विजेवर चालणारं कॉटरी वापरतात. पूर्वी भुलीच्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल किंवा एखादा वण वाढून फुगला असेल तर तेही. उपाशी जाऊ नये, कारण चक्कर येते ती बहुधा उपाशीपोटी आणि भीतीने. गाठ पाठीवर असेल तर पुढून बटणं असलेला सैल शर्ट घालावा. नंतर टाके असताना हात वर करून बनियन काढणं जड जातं.

टेबलावर झोपल्यावर पहिली गोष्ट पेनाची. गाठीची कड आणि मधला ठिपका, दोन्ही भूल द्यायच्या आधी आखून घेतात. इंजेक्शनच्या पाण्याने तो सगळा भाग फुगतो आणि मघाशी स्पष्ट लागणारी गाठ हाताला सापडत नाही.

भूल म्हणजे लिग्नोकेन. नील्स लोफग्रेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते १९४३ मध्ये बनवलं आणि आजही छोट्या ऑपरेशनचा सगळा भार त्यावरच आहे. १ किंवा २ टक्क्यांचं द्रावण, त्यात बहुधा १ लाखात किंवा २ लाखांत १ भाग अॅड्रिनलिन. अॅड्रिनलिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि भूल जास्त वेळ टिकते. दोन-चार मिनिटं छाती धडधडली तर ती त्याचीच, घाबरायचं नाही. सुई टोचते त्यापेक्षा औषध आत जाताना जास्त जळजळतं, कारण ते आम्लधर्मी असतं. दहा भाग औषधात एक भाग सोडियम बायकार्बोनेट मिसळलं, केसासारखी बारीक ३० नंबरची सुई घेतली आणि औषध सावकाश सोडलं तर ही जळजळ बरीच कमी होते. अॅड्रिनलिनसह औषधाची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोला ७ मिलिग्रॅम मानतात. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं ४२ मिलिलिटर. एका साध्या गाठीला त्यातलं चार-पाच मिलिलिटर पुरतं.

औषध गाठीत टोचत नाहीत. कुंपण घालावं तसं भोवतीने आणि खालून टोचतात. सुई पिशवीत गेली तर दाबाने माल ठिपक्यातून चिळकांडीसारखा उडतो, किंवा पिशवी आत फाटते, आणि भूलही लागत नाही. पिशवीत नसा नाहीतच, नसा आहेत त्या भोवतालच्या मांसात. सरावलेला हात हेच औषध पिशवी आणि मांस यांच्या मधल्या फटीत सोडतो. त्या पाण्याने पिशवी आधीच थोडी सुटी होते. मग दहा मिनिटं थांबायचं. अॅड्रिनलिनचा परिणाम व्हायला वेळ लागतो, आणि ही दहा मिनिटं वाचवणारा पुढे रक्त टिपण्यात त्याहून जास्त वेळ घालवतो. भूल लागल्यावर दुखत नाही, पण ओढणं, दाबणं, हलवणं कळतं. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस दचकत नाही. आणि खरोखर दुखलं तर लगेच बोलावं. आणखी औषध देता येतं, सोसण्यात काही शौर्य नाही.

चिरा कुठल्या दिशेने घ्यायचा हे कातडी ठरवते. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोकं पाडून पाहिली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि प्रत्येक भागात ती ठरावीक दिशेनेच लांबली. कातडीचा ताण कुठून कुठे आहे ते त्यातून उमटलं. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांच्या रेघा साधारण तीच वाट दाखवतात. चिरा त्या रेघेबरोबर घेतला तर वण तिच्यात मिसळतो, आडवा घेतला तर ताणून रुंद होतो.

मधल्या ठिपक्याभोवती होडीच्या आकाराचा अरुंद तुकडा आखतात, रुंदीच्या तिप्पट लांबीचा. लांबी कमी घेतली तर टाके घालताना टोकांना कातडीची घडी उभी राहते. पंधरा नंबरचं पातं लागतं, आणि ते फक्त कातडीच्या जाडीपुरतंच खाली जायला हवं. सगळ्यात हळू होण्याचा क्षण हाच. एक मिलिमीटर जास्त गेलं की पिशवी चिरली. बेताने गेलं तर चिऱ्याच्या कडा जराशा विलग होतात आणि खाली काहीतरी वेगळं दिसतं. आसपासचं मांस गुलाबी, चरबीचे दाणे पिवळे, आणि त्यांच्यात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी निळसर-पांढरी झाक असलेला एक गुळगुळीत भाग. ती पिशवी.

इथून पुढे पातं बाजूला ठेवायचं. काम आता बोथट टोकाच्या वाकड्या कात्रीचं, आणि कात्रीने कापायचं नसतं. टोकं मिटलेली ठेवून पिशवीच्या अगदी लगत आत सरकवायची आणि आत गेल्यावर उघडायची. मांस आपोआप बाजूला होतं. जो धागा ताणून राहिला, तेवढाच कातरायचा. मघाशी आखलेला होडीच्या आकाराचा तुकडा पिशवीलाच चिकटलेला ठेवतात, तो चिमट्यात धरायला मुठीसारखा कामाला येतो. पिशवीला थेट चिमटा लावला की ती फाटलीच समजा. एका बाजूने थोडं, मग दुसऱ्या बाजूने थोडं, असं फिरत फिरत खाली जातात. तळाशी एखादी बारीक रक्तवाहिनी असते, तिला कॉटरीचा चटका देतात. शेवटचा धागा सुटला की अख्खी पिशवी, डोक्यावर त्या कातडीच्या होडीसकट, बाहेर येते. हे काम घाईने होत नाही. वाटाण्याएवढ्या शांत गाठीला अर्धा तास पुरतो, त्यातला बराचसा याच सोलण्यात जातो.

फुटली तर? फुटते. पापुद्राच तो. खोलीत वास पसरतो, पण त्याने काम बिघडलं असं होत नाही. माल पुसून घ्यायचा, सलाइनने जागा भरपूर धुवायची आणि पिशवीची कड शोधायची. आतून चकचकीत दिसणारा जो पडदा, तो तिचा. तो चिमट्याने धरून अलगद खेचायचा आणि उरलेले तुकडे खरवडून काढायचे. एक तुकडा राहिला तर तो पुन्हा बंद होऊन नवी पिशवी तयार करू शकतो.

मुद्दाम फोडण्याची एक पद्धतही आहे. ठिपक्याच्या जागी तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडायचं, सगळा माल दाबून बाहेर काढायचा आणि मग रिकामी, लोळागोळा झालेली पिशवी त्याच भोकातून ओढून घ्यायची. वण टिकलीएवढा राहतो. चेहऱ्यावरच्या, कधी न सुजलेल्या लहान गाठीला मी हीच पद्धत सुचवेन. एकदा सुजून गेलेल्या पाठीवरच्या गाठीला मात्र नाही. तिथे पिशवी ओढून येत नाही, तुटून आतच राहते. जागाही बघावी लागते. कानशिलावर भुवई उचलणारी नस कातडीच्या फार जवळून जाते आणि मानेच्या बाजूला खांदा उचलणारी. तिथली गाठ लहान असली तरी ती सरावलेल्या हातातच द्यावी.

पिशवी निघाली की मागे पोकळी राहते. नुसती वरची कातडी शिवली तर त्या पोकळीत रक्त किंवा पाणी साचतं आणि चार दिवसांनी रुग्ण म्हणतो, "गाठ परत आली." म्हणून आधी आतून विरघळणाऱ्या दोऱ्याचे टाके घालून पोकळी मिटवतात, दोऱ्याच्या गाठी खालच्या बाजूला पुरून. मग वरून नायलॉनचा दोरा (पहिला आकडा मोठा तितका दोरा बारीक): चेहऱ्यावर ५-० किंवा ६-०, पाठीवर ४-० किंवा ३-०. कडा किंचित वर उचललेल्या दिसतात तेव्हा टाके वाईट घातले असं वाटतं, पण ते मुद्दाम असतं. वण पुढे खाली बसतो, आणि आज सपाट शिवलेला वण उद्या खड्डा होतो.

आणि काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नये. १० टक्के फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवायला सांगावं, बाटलीवरचं नाव स्वतः वाचावं. अशा गाठीत कर्करोग सापडणं फार दुर्मिळ आहे, पण वरून सिस्ट वाटलेली गाठ दुसरंच काही निघाल्याचं सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

पहिले २४ ते ४८ तास पट्टी कोरडी. भूल दोन-चार तासांत उतरते, नंतर पॅरासिटामॉल पुरतं. पट्टीतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग पंधरा-वीस मिनिटं दाबून धरावं. दर मिनिटाला उचलून बघितलं तर ते थांबत नाही. त्यानंतर साबण-पाण्याने हलकेच धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. जखम "सुकवण्याचा" आग्रह नको. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर नव्या पेशींनाच मारतं. पहिल्या दोन दिवसांची थोडी सूज साहजिक आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ठणका वाढत गेला, लाली पसरली, पू किंवा ताप आला तर वाट बघू नये.

टाके चेहऱ्यावरचे ५ ते ७ दिवसांनी, डोक्यावरचे ७ ते १० दिवसांनी, पाठीवरचे आणि हातापायांवरचे १० ते १४ दिवसांनी काढतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं लोक धरून चालतात आणि इथेच चांगल्या ऑपरेशनचा वण बिघडतो. दोन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी ताकद असते. सुमारे तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांवर पोचते आणि त्यापुढे फारशी वाढत नाही. पाठीवरचा चिरा असेल तर निदान महिनाभर वजन उचलणं आणि जोरकस व्यायाम टाळावा. छाती, खांदे आणि कानाच्या पाळीवर वण फुगून किलॉइड होण्याची प्रवृत्ती असते. तिथे टाके निघाल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी रोज, काही महिने. उन्हापासून वण झाकावा, नाहीतर तो काळपट राहतो. लालसरपणा जायला वर्षसुद्धा लागतं.

हात तरीही सवयीने तिथे जातोच. पहिल्या दोन-तीन महिन्यांत रेघेखाली दोरीसारखा कडकपणा लागतो. ते आतले टाके विरघळत असतात आणि वण तयार होत असतो. आजूबाजूला थोडं बधिर लागतं, तेही हळूहळू भरून येतं. पण पाच-सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, सगळं मऊ पडल्यावर, त्याच रेघेखाली पुन्हा गोल दाणा लागायला लागला तर तो पिशवीचा राहिलेला तुकडा आहे. त्याला दाबू नये, पिळू नये. लहान आणि शांत आहे तोवरच दाखवावा.